परत गेलेलं फडकं

ताजिकिस्तानातल्या इस्फाराच्या खालच्या वस्तीत करामतला तोंडावर करामत आपा म्हणतात आणि पाठीमागे लत्ता. लत्ता म्हणजे फडकं, चिंधी. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, कारण ज्यानं त्यानं ते आपणच ठेवल्याच्या थाटात वापरलं. तिला ते ठाऊक आहे. सुरुवातीला लागायचं, मग लागेनासं झालं, आणि आता तर रस्त्यात कुणी लत्ता म्हणालं तर तिची मान आपोआप वळते.

तिच्या घराची जागाच वाईट. डोंगराकडून येणारा पाट वरच्या गल्लीतून, मग मधल्या गल्लीतून वाहत शेवटी तिच्या फाटकापाशी येतो आणि तिथल्या लोखंडी जाळीवर अडतो. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा जाळीला अडकायची ती पानं, काटक्या, एखादं चुकार जर्दाळू. मग दुकानांतून पिशव्या आल्या. बाटल्या आल्या, पोरांचे एकदा वापरून फेकायचे लंगोट आले, जेवणावळीतल्या कचकड्याच्या थाळ्या आल्या. वरच्या गल्लीत लग्न झालं की खालच्या गल्लीला त्याची खबर पाटानं मिळायची; काय शिजलं होतं तेसुद्धा कळायचं. जाळी तुंबली तर पाणी अंगणात, आणि काढून ठेवली तर सगळी घाण पुढे बागेत, झाडांच्या मुळांशी. म्हणजे ती रोज कुणीतरी उपसायला हवी. नवरा होशिम रशियात बांधकामावर असतो. हिवाळ्यात येतो, झोपा काढतो, जातो. तेव्हा कुणीतरी म्हणजे करामतच.

लोकांना वाटतं तिला निसर्गाचं वेड आहे. वेड कसलं, वैताग होता. दुसऱ्यांची घाण उपसून कंटाळलेल्या बाईनं एक दिवस ठरवलं की निदान आपल्या हातून त्यात भर नको. एवढंच. पण अशा ठरवण्याला शेपूट फुटतं. घरात आलेली पिशवी धुवायची, दोरीवर वाळत घालायची, फाटेपर्यंत वापरायची. भांड्यांचं पाणी झाडांना. जर्दाळूच्या बिया फोडल्या की गर खायला आणि टरफलं तंदुरात. माणसं बसली असतील त्याच खोलीत दिवा. आणि फडकी.

फडक्यांचं असं झालं. आपल्याकडे शेजारणी एकमेकींना ताटं पाठवतात, आणि आलेलं ताट रिकामं परत जात नाही, हे काही करामतनं शोधून काढलेलं नाही. पण ताटं पिशव्यांत गुंडाळून यायला लागली तेव्हा ती पिशवी ठेवून घ्यायची आणि ताट फडक्यात बांधून परत करायची. जुने झगे, होशिमचे सदरे, उसवलेल्या गाद्यांच्या खोळी, सगळ्याची तिनं फडकी शिवली. सांगायची, "पुढच्या वेळी यात बांधून पाठव." गल्ल्या हसल्या. कुणी त्या फडक्यांनी बैठक पुसली, कुणी कणीक झाकली, आणि दोन-तीन बायकांनी खरंच पिशव्या सोडल्या. दोन-तीन. आयुष्य घालवून दोन-तीन बायका. तरी फडकं आलं की धुवायचं, त्यात ताजे नान बांधायचे आणि परत पाठवायचं, हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की त्यात तिचं डोकं लागत नसे.

आता मात्र ती दमली होती. गुडघे दुखायचे. चांगल्या सवयीला सुट्टी नसते, ही गोष्ट ती लावून देणाऱ्यांनी कधी सांगितली नाही. वाईट सवय माणूस आजारी पडला की सुटते तरी.

मुलगी मुनव्वरा बाजारात शिवणाच्या दुकानात कामाला होती. बारीक, अबोल, हातानं चपळ. गल्लीच्या पंचांगाप्रमाणे तिचं लग्नाचं वय टळत चाललं होतं. दोनदा बायका मागणी घालायला येऊन गेल्या. दोन्ही वेळा चहा झाला, मुलगी पसंत पडली, आणि मग त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर गेली, जिथे धुतलेल्या पिशव्या फडफडत होत्या. एकीनं नंतर गल्लीभर सांगितलं, "मुलगी लाख आहे हो. पण पिशव्या धुतात त्या घरात. उद्या आमच्याकडे येऊन म्हाताऱ्याचे मोजे उसवत बसेल."

तिसरं स्थळ वरच्या गल्लीतलं. सायोराचा धाकटा मुलगा नोदिर, बाजारापर्यंतची गाडी चालवतो. तो मुनव्वराच्या दुकानात पँट आखूड करून घ्यायला आला, आठवड्यानं दुसरी घेऊन आला, मग तिसरी, आणि शेवटी त्याच्याकडे आखूड करायला पँट उरली नाही तेव्हा त्यानं आईला सांगितलं. मुनव्वरानं जन्मात आईकडे काही मागितलं नव्हतं. त्या आठवड्यात ती जाळीपाशी येऊन उभी राहिली.

"अया, एक मागू?"

"माग."

"एक दिवस आपलं घर इतरांसारखं असू दे."

करामतच्या हातात कुणाचा तरी लंगोट होता. तो तिनं बादलीत टाकला. "इतरांसारखं म्हणजे कसं गं?"

"दोरी काढ. दारामागची चिंध्यांची बोचकी हलव. आणि त्या बायकांना काही शिकवू नकोस."

"मी कुणाला शिकवते?"

"मागच्या वेळी त्या बाईला तू म्हणालीस, हात धुऊन झाले की नळ बंद करा."

"चालूच ठेवला होता तिनं."

"अया."

"बरं बाई. तोंडाला टाके घालते."

मुनव्वरा गेली नाही. हळूच म्हणाली, "हा गेला ना, तर मला दुसरा नकोय." आणि मग आत पळाली. करामत तशीच बसून राहिली. पोरीला मुलगा आवडलाय एवढंच तिला माहीत होतं. किती, ते आत्ता कळलं.

मग तिनं काही कसूर ठेवली नाही. दोरी उतरवली. बोचकी शेळीच्या गोठ्यात कोंबली. दुकानातून चकचकीत मेणकापड आणलं, मिठाया आणल्या, आणि दुकानदारानं प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी दिली तेव्हा एक अक्षर बोलली नाही, दुकानदारच घाबरून विचारता झाला, "आपा, बरं आहे ना?" घरात धड सारखे पियाले नव्हते. समोरची अदोलत मदतीला धावली. अदोलत विधवा, मनाची मोठी, जीभ मात्र कधी तोंडात ठरायची नाही. तिनं हातगाडी घेऊन वरच्या आणि मधल्या गल्लीतल्या घरांतून पियाले, तबकं, केटल्या, करामतनंच कधीकाळी वाटलेल्या फडक्यांत बांधून, गोळा करून आणल्या, आणि प्रत्येक दारात कशासाठी ते सविस्तर सांगितलं.

सायोरा आली ती नणंदेला घेऊन. भारदस्त बाई, बोलणं मोजकं. हात धुतले आणि नळ चालू ठेवून नणंदेशी बोलत उभी राहिली. करामतनं जर्दाळूच्या झाडाकडे बघितलं आणि पाणी वाजायचं थांबेपर्यंत बघतच राहिली. मुनव्वरानं चहा दिला. शुर्बा झाला, पुलाव झाला. निघताना सायोरानं सोबत आणलेलं गाठोडं पुढे ठेवलं: दोन नान. ते बांधलेलं फडकं बघून करामत चमकली. लाल-हिरवे पट्टे, तिच्याच लग्नातल्या झग्याचे.

"तुमचंच आहे," सायोरा म्हणाली. "कधीचं आमच्याकडे फिरत आलं होतं. म्हटलं, यातच न्यावं."

त्या गेल्यावर मुनव्वरा ते फडकं उराशी धरून घरभर फिरली. शकुन याहून काय चांगला असणार?

पुढची रीत सगळ्यांना पाठ आहे. मागणीचे नान ठेवून घेतले म्हणजे विचार चालू आहे. जुम्म्याला दोन्हीकडच्यांनी बसून ते मोडले म्हणजे होकार. आणि नकार असेल तर तोंडानं कुणी बोलत नाही, कुणाचा अपमान होत नाही. त्याच फडक्यात नान बांधून परत जातात, आणि समोरचे समजतात.

दुसऱ्या दिवशी करामतला उठवेना. अंगाचा भुगा झाला होता. मुनव्वरा कामावर गेली, आणि करामतनं नेहमीसारखा तंदूर पेटवला, नान लावले, आणि आदल्या दिवशीचं सगळं आवरायला घेतलं. मागणीचे नान कडक होऊ नयेत म्हणून पेटीत झाकून ठेवले. फडकं झटकलं, पाण्यातून काढलं, वाळवलं, घडी केली. घडी बाकीच्या घड्यांवर ठेवली. तेवढ्यात अदोलत हातगाडी घेऊन दारात.

"चला, कुणाचं काय ते सांग पटापट. एक पियाला इकडचा तिकडे झाला तर शिव्या मला बसतात."

करामतनं प्रत्येक घराचे पियाले त्या घराच्या फडक्यात बांधले, प्रत्येकात गरम नान घातले. फडकी सगळी तिचीच, त्यामुळे कुठलं कुठे जायचं ते विचारायची गरज नव्हती. "हे माव्जूदाचं. हे चक्कीवाल्याकडचं. हे सायोराचं." डोक्यात दुसरंच चाललं होतं, की आता दोरी पुन्हा बांधायची म्हणजे स्टुलावर चढावं लागणार आणि गुडघा वर जात नाही. अदोलतच्या कानाला फोन होता. गाठोडी गाडीवर गेली, गाडी गल्लीतून वळली.

जित्याची खोड म्हणतात ती ही. माणसाला वाटतं खोड म्हणजे काहीतरी वाईट असतं.

अदोलत परत आली ती घाम पुसत. "झालं बाई. सगळ्यांनी दुवा दिल्यात. सायोराची थोरली सून दारात होती, तिला म्हटलं, घे गं, करामत आपानं सगळ्यांचं सगळं परत पाठवलंय. तिचं तोंड का उतरलं कोण जाणे."

करामतच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "सायोराकडचे पियाले आणले होतेस तू?"

"त्यांच्याकडचे कशाला आणीन? व्याही होणारेत..." अदोलत थांबली. इतकी मधेच ती कधी थांबत नाही. "आपा, त्यात काय होतं?"

"नान."

"कुठले?"

"आपले."

अदोलत हातगाडीवरच बसली. "आणि वर मी म्हणाले, सगळं परत," ती स्वतःशीच म्हणाली. थोड्या वेळानं उठली आणि घरी गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एखादी बातमी अदोलतकडे असून गल्लीला कळली नाही.

मुनव्वरा दुपारी जेवायला आली. करामतनं काही लपवलं नाही; लपवण्याइतकं त्राणच नव्हतं. मुनव्वरानं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. बैठकीच्या कडेला बसली, मांडीवरच्या सुईदोऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "एक फडकं ठेवून घेता आलं नाही तुला, अया. सगळ्या जन्मात एक."

त्या वाक्यानं करामतला जे झालं ते कधी कुणाच्या लत्ता म्हणण्यानं झालं नव्हतं. तिनं डोक्याचा रुमाल बदलला आणि वर जायला निघाली.

मुलीकडच्यांनी मुलाच्या दारात जायचं नसतं. नान मोडण्याआधी तर नाहीच. जी जाते ती मुलगी गळ्यात मारायला आली असं धरतात. गल्लीतल्या बायका फाटकांतून बघत होत्या. करामत पाटाच्या कडेकडेनं चढत गेली, गुडघ्यावर हात दाबत. पाण्यात नेहमीचं सगळं वाहत होतं, ते तिनं बघितलं आणि पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटलं नाही. वाहू दे. आज पोरीचं वाहून चाललंय.

सायोराच्या अंगणात नळाखाली बादली भरून वाहत होती. करामतनं तिकडे पाठ केली. बैठकीवर ते गाठोडं होतं, गाठसुद्धा न सोडलेलं.

"बसा, आपा," सायोरा म्हणाली.

"बसत नाही. चूक झाली. माझ्या हातानं झाली."

"हातानं?"

"फडकं आलं की माझ्याकडून परत जातं, नान घालून. त्यात मी नसतेच. तुम्ही त्याचा अर्थ काढू नका."

सायोरा हसली नाही. "ते मला कळलं. सून रडायला लागली, पण मला तेव्हाच कळलं. तुमची फडकी कुणाला माहीत नाहीत? नोदिरला मी अजून काही सांगितलेलं नाही."

"मग माणूस पाठवायचा ना विचारायला."

"पाठवणार होते. नाही पाठवलं." सायोरानं सरकून जागा केली आणि या वेळी करामत बसली. "खरं सांगते. गाठोडं बघितलं आणि मला बरं वाटलं. सुटले म्हटलं."

करामतला राग यायला हवा होता. तो आला नाही. "मुलगी आवडली नाही?"

"आवडली. माझ्या सासूसारखी आहे. तुम्ही बघितलंय का माझ्या सासूला? काडेपेटीतली काडी उभी चिरायला लावायची, एकीच्या दोन. साबणाचे तुकडे मोज्यात बांधून वापरायची. चांगली बाई होती, माझ्यावर जीव होता तिचा. पण ती होती तोवर मी कधी एक तांब्या पाणी निवांत ओतलं नाही. ती गेली, चाळिसाव्या दिवसाचे पाहुणे गेले, आणि मी हा नळ सोडला आणि समोर बसले. नुसती बघत. ते पाणी कुठे जातं मला ठाऊक आहे. तुमच्या दारात जातं. तरी बसले."

बादली वाहतच होती.

"मुनव्वरा कुणाला बोलत नाही," करामत म्हणाली.

"बोलत नाही, म्हणून तर. काल मी मिठाईवरचा कागद चुरगाळून टाकला. तो तिनं उचलला, हातानं सरळ केला, घडी घालून खिशात ठेवला. एक शब्द नाही. बोलली असती तर मी उलट बोलले असते. न बोलणाऱ्याशी काय भांडायचं? आता या वयात मला सुनेचा धाक नको, आपा. मी दमलेय."

करामत ऐकत होती. काही वर्षांपूर्वी असतं तर तिनं या बाईला हाताला धरून खाली जाळीपाशी नेलं असतं आणि म्हणाली असती, बघ, तुझी विश्रांती माझ्या दारात कशी येते. आता तिला फक्त दिसलं की ही बाईसुद्धा त्याच गोष्टीनं दमलीय, पलीकडच्या बाजूनं. दोन दमलेल्या बायका एका पोरीकडे बघत होत्या आणि दोघींनाही ती आवडत होती.

"काय करू ते सांगा," करामत म्हणाली.

"मुलगी द्या. तुमचं ते देऊ नका."

करामतनं गाठोड्यावरच्या लाल-हिरव्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं."

सायोरानं गाठोडं सोडलं. नान काढले, आत जाऊन सोनेरी अक्षरांची एक नवी कोरी पिशवी आणली आणि त्यात ते ठेवले. फडक्याची घडी केली आणि आपल्याकडे ठेवून घेतली. "हे आम्ही नव्यानं पाठवलेत असं समजा. यातूनच न्या. पिशवी कुणी परत पाठवत नाही." आता मात्र ती थोडी हसली, आणि करामतही हसली, कारण ते खरं होतं.

ती पिशवी हातात घेऊन उतरताना करामतला वाटलं सगळी गल्ली तिच्याकडे बघतेय. बघतच होती. लत्ताच्या हातात पिशवी, ही काही रोजची गोष्ट नव्हे.

मुनव्वरा फाटकात उभी होती. कामावर परत गेलीच नव्हती. पिशवीतले नान तिनं बघितले, आईचा चेहरा बघितला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की करामतला भिंत धरावी लागली.

"काय म्हणाल्या?"

"जुम्म्याला मोडायचे."

"आणि?"

"आणि काही नाही. तू त्यांना आवडलीस."

मुनव्वरानं आईला बसवलं, पाठीशी लोड दिला, चहा टाकला. ती गुणगुणत होती. घरात असं गुणगुणणं करामतनं कधी ऐकलं नव्हतं. चहा झाला. मुनव्वरा केटली उचलून अंगणाकडे निघाली, तळाशी राहिलेली पत्ती गुलाबाच्या मुळाशी घालायला.

"कुठे निघालीस?"

"ही पत्ती टाकून येते."

"कचऱ्यात टाक."

मुनव्वरा वळली. आईनं थट्टा केली असं वाटून ती हसली, पण करामत हसत नव्हती.

"अया?"

"कचऱ्यात टाक. मला बघू दे."

मुनव्वरा केटली धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्याच्या जागी हळूहळू समज आली. अबोल असली तरी मंद नव्हती ती. तिनं विचारलं नाही की वर काय ठरलं. कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेली आणि केटली उलटी केली. थोडी पत्ती बाहेर सांडली. ती गोळा करायला तिची बोटं खाली गेली आणि तिथेच थांबली, आणि तिनं आईकडे बघितलं.

करामतला रडू येत होतं. एवढ्या वर्षांत या पोरीच्या हातांत तिनं एवढं एकच काय ते घातलं होतं, दुसरं द्यायला होतं काय तिच्याकडे? आणि आता तेच काढून घेत होती.

"राहू दे सांडलेलं," ती म्हणाली. "उद्याही असंच कर. हाताला सवय व्हायला वेळ लागतो."